डब्यावरचा वेग आणि हातातले पिस्तूल

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत, स्वसंरक्षणासाठी बाळगायच्या लहान पिस्तुलांसाठी काडतुसे कशी निवडावीत यावर आलेला लेख मी दोनदा वाचला. हा विषय मराठीत फारसे कोणी हाताळत नाही, आणि लेखकाने तो भडकपणा टाळून जबाबदारीने मांडला आहे, याबद्दल त्यांचे आभार मानूनच हे पत्र लिहीत आहे. परंतु लेखासोबतच्या तक्त्यात प्रत्येक काडतुसापुढे वेग आणि ऊर्जेचे आकडे देऊन, ज्याची ऊर्जा अधिक ते काडतूस सरस, असा जो निष्कर्ष काढला आहे, तो लहान पिस्तुलाच्या बाबतीत चुकीचा आहे. अनेक वर्षे मी नेमबाजी शिकवत आलो आहे, आणि नेमक्या याच समजुतीने निवडलेली काडतुसे घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून जिवाशी गाठ असलेल्या या निवडीतली ही चूक तशीच राहू नये, असे मला कळकळीने वाटते.

काडतुसाच्या डब्यावर छापलेला वेग हा एकट्या काडतुसाचा गुण नसतो. ते काडतूस आणि ठरावीक लांबीची नळी या दोघांनी मिळून दिलेला तो आकडा असतो. दारू पेटल्यावर तयार होणारा वायू गोळीला ढकलत राहतो तो ती नळीत असेपर्यंतच. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडली की उरलेला दाब हवेत जातो, आणि आपल्याला त्याचा फक्त मोठा आवाज आणि डोळे दिपवणारी ज्वाळा तेवढी मिळते. ९ मि.मी. काडतुसाचा वेग सामान्यतः ४ इंची नळीतून मोजलेला असतो, तर सहज लपवता येणाऱ्या पिस्तुलांच्या नळ्या ३ ते साडेतीन इंचांच्या असतात. नळीचा एक इंच कमी झाला की वेग साधारण २५ ते ५० फूट प्रति सेकंद घटतो, आणि काही काडतुसांत त्याहूनही जास्त. डब्यावर १,१५० फूट प्रति सेकंद असे लिहिलेली १२४ ग्रेनची, म्हणजे सुमारे ८ ग्रॅमची गोळी एखाद्या छोट्या पिस्तुलातून १,०५० च्या वेगाने निघाली, तर ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती जवळजवळ १७ टक्क्यांनी घटते. म्हणजे तक्त्यातला आकडा खरा आहे, पण तो वाचकाच्या हातातल्या पिस्तुलाचा नाही.

नळीची लांबी मोजण्याची पद्धतही सगळीकडे एक नाही, आणि लेखात हा मुद्दा पूर्णपणे निसटला आहे. पिस्तुलाच्या नळीच्या लांबीत काडतूस बसण्याची जागा, म्हणजे चेंबर, धरलेले असते. रिव्हॉल्व्हरमध्ये चेंबर नळीमागच्या फिरत्या सिलिंडरमध्ये असते, म्हणून तिथे फक्त पुढची नळी मोजतात. ९ मि.मी. काडतुसाची पुंगळीच, म्हणजे दारू भरलेले धातूचे नळकांडेच, १९ मि.मी. लांब असते, तेव्हा ३ इंची पिस्तुलात गोळीला धावायला प्रत्यक्षात सव्वादोन इंचांच्या आसपासच वाट मिळते. रिव्हॉल्व्हरमध्ये ही वाट पूर्ण मिळते खरी, पण सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून थोडा वायू निसटतो. त्यामुळे दोन्ही शस्त्रांची लांबी शेजारीशेजारी छापून केलेली तुलना वाचकाची दिशाभूल करते.

वेग घटला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. स्वसंरक्षणासाठी वापरली जाणारी गोळी बहुधा ‘हॉलो पॉइंट’ असते, म्हणजे तिच्या टोकाला खळगा असतो. शरीरात शिरताना त्या खळग्यात द्रव आणि ऊती दाबाने भरतात, खळग्याच्या कडा बाहेर वळतात आणि गोळी फुलासारखी उमलून मूळच्या दीडपट किंवा त्याहून रुंद होते. हे उमलणे ठरावीक वेगाच्या टप्प्यातच नीट होते. वेग त्याखाली गेला तर खळगा तसाच राहतो आणि गोळी साध्या, पूर्ण तांब्याने मढवलेल्या गोळीसारखी आरपार जाते. वेग फार वाढला तर ती लवकर उमलून उथळ अंतरावरच थांबते. अंगावरचे जाड कपडे ही आणखी एक अडचण आहे, कारण खळग्यात कापडाचा बोळा बसला की उमलायला लागणारा द्रवाचा दाब तिथे तयारच होत नाही. म्हणूनच लांब नळीसाठी बनवलेली आणि तिथे उत्तम वागणारी गोळी तीन इंची नळीतून कधी उमलते, कधी नाही.

काही उत्पादकांनी हे ओळखून आखूड नळीसाठी वेगळी काडतुसे काढली आहेत. स्पीअर कंपनीचे १२४ ग्रेनचे ‘गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल’ हे त्यांतले परिचित उदाहरण आहे. त्याचा वेग साडेतीन इंची नळीतून मोजून जाहीर केला जातो आणि त्याची गोळी कमी वेगालाही उमलावी अशी घडवलेली असते. हॉर्नडी कंपनीने ‘क्रिटिकल डिफेन्स’च्या खळग्यात लवचीक लाल पदार्थाचे टोक बसवले, ते कापडाने खळगा बुजू नये आणि आघात होताच त्या टोकाने आतून कडा फाकवाव्यात म्हणून. मी कोणत्याही कंपनीची शिफारस करीत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की ज्यांचे पोट या धंद्यावर चालते, त्यांनीही आखूड नळी हा वेगळा प्रश्न मानला आहे, आणि आपल्या तक्त्यात मात्र नळीच्या लांबीचा रकानाच नाही.

आता ऊर्जेकडे वळतो, कारण लेखाचा सगळा भर तिच्यावर आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेतील मायामी येथे एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या आठ अधिकाऱ्यांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. तिच्यात दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. चकमकीच्या सुरुवातीसच ११५ ग्रेनची ९ मि.मी. हॉलो पॉइंट गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली. ती व्यवस्थित उमललीही, पण हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. ती जखम पुढे प्राणघातक ठरण्याइतकी गंभीर होती, तरीही तो माणूस त्यानंतर लढत राहिला आणि सर्वाधिक हानी त्यानेच केली. कागदावर त्या गोळीची ऊर्जा भरपूर होती. ती कमी पडली ती खोलीत.

या घटनेनंतर एफबीआयने १९८७ मध्ये जखमांच्या अभ्यासकांना एकत्र बसवले आणि गोळ्यांची चाचणी घेण्याची एक शिस्तबद्ध पद्धत आखली. अमेरिकी लष्करातले शल्यचिकित्सक मार्टिन फॅक्लर यांचे काम या विचाराच्या मुळाशी होते. शरीराच्या ऊतींऐवजी १० टक्के जिलेटिनचा ठोकळा घ्यायचा, तो ४ अंश सेल्सिअसला ठेवून, ठरलेल्या वेगाने मारलेला पोलादी छर्रा त्यात सुमारे साडेआठ सेंटिमीटर जातो की नाही हे आधी तपासायचे, आणि मगच त्यावर आधी उघड्यावर आणि नंतर जाड कपडे, घरातल्या भिंतीसारखा जिप्समचा पडदा, प्लायवूड, पत्रा आणि गाडीची काच अशा अडथळ्यांतून गोळ्या झाडायच्या, असा तो क्रम आहे. गोळीने जिलेटिनमध्ये किमान १२ इंच आणि शक्यतो १८ इंचांच्या आत, म्हणजे साधारण ३० ते ४६ सेंटिमीटर जावे, ही अपेक्षा त्यातूनच आली. माणसाची छाती एवढी जाड नसते, मग १२ इंच कशाला, हा प्रश्न मला दर वर्गात कोणी ना कोणी विचारतो. हल्लेखोर लक्ष्यफलकासारखा सरळ समोर उभा राहत नाही. त्याचा हात पुढे असतो, तो तिरका वळलेला असतो, आणि मायामीत घडले तसे गोळीला आधी दंड पार करून मग छातीत शिरावे लागते. जिलेटिन म्हणजे शरीर नव्हे, हे मात्र विसरता येत नाही. त्यात हाडे नसतात, त्वचा नसते. एका गोळीची दुसरीशी समान अटींवर तुलना करण्याची ती मोजपट्टी आहे, आणि तेवढ्यासाठी ती विश्वासार्ह आहे.

रायफलच्या गोळीभोवती क्षणभर फुगणारी पोकळी ऊतींना फाडू शकते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग त्या मानाने इतका कमी असतो की ही पोकळी बहुतेक ऊतींना केवळ ताणते आणि त्या पुन्हा जागेवर येतात. उरते ते गोळीने प्रत्यक्ष चिरडून केलेले भोक, त्याची खोली, त्याची रुंदी आणि सर्वांत आधी त्याची जागा. ही जागा काडतूस ठरवत नाही; नेमबाज ठरवतो. ऊर्जेच्या रकान्यातून यांपैकी काहीच कळत नाही. ‘एका गोळीत माणूस आडवा’ असे सांगणाऱ्या जाहिरातींना म्हणूनच शास्त्राचा आधार नाही.

लेखात हॉलो पॉइंट गोळीला ‘अमानुष’ म्हटले आहे, त्याविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते. कोलकात्याजवळच्या दमदम येथील दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात रायफलची टोक उघडे ठेवलेली गोळी तयार झाली आणि तिच्यावरून ‘दमदम गोळी’ हा शब्द जगभर गेला. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात उमलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली, ती करार करणाऱ्या राष्ट्रांमधील युद्धापुरती. नागरी पोलीस दलांनी मात्र पुढे अशाच गोळ्या मुद्दाम स्वीकारल्या, आणि त्यामागचे कारण माणुसकीचेच आहे. पूर्ण मढवलेली ९ मि.मी. गोळी जिलेटिनमध्ये ६० सेंटिमीटरच्याही पुढे जाते; म्हणजे हल्लेखोराला भेदून ती मागे उभ्या असलेल्या निरपराध माणसापर्यंत पोहोचू शकते. उमललेली गोळी हल्लेखोराच्या शरीरातच थांबण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. या गोळ्यांविषयीचे कायदे ठिकठिकाणी वेगवेगळे आहेत आणि काही ठिकाणी त्या बाळगण्यावर बंधने आहेत, हे मात्र खरेदीपूर्वी तपासलेच पाहिजे.

याच धाग्यातली एक गैरसमजूत लेखात आणखी बळकट झाली आहे. हॉलो पॉइंट गोळी भिंतीत अडते, असे त्यात सूचित केले आहे. जिप्समच्या पातळ पडद्यातून जाताना तिच्या खळग्यात भुकटी ठासली जाते, मग ती उमलत नाही आणि पुढच्या खोलीतही बऱ्याच ताकदीने शिरते. पुरेशी खोली गाठणारी कोणतीही गोळी असे एकाहून अधिक पडदे पार करते. यावर उपाय म्हणून लगेच फुटून विखुरणाऱ्या गोळ्या सुचवल्या जातात. पण त्या शरीरातही उथळच थांबतात, आणि मग आपण पुन्हा मायामीच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. घरात गोळी कोणत्या दिशेने जाईल आणि त्या दिशेला कोण झोपलेले असते, याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. तो भार काडतुसावर टाकता येत नाही.

९ मि.मी.हून कमी ताकदीच्या काडतुसांविषयी थोडक्यात. .३८० एसीपीच्या पावणेतीन इंची नळीच्या पिस्तुलात हॉलो पॉइंट गोळी उमलली तर बऱ्याचदा १२ इंच गाठत नाही, आणि खोल गेली तर बऱ्याचदा उमललेली नसते. यांत खोलीला प्राधान्य द्यावे, असे माझे मत आहे. .३८ स्पेशलच्या दोन इंची रिव्हॉल्व्हरमध्ये १४८ ग्रेनची सपाट टोकाची ‘वॉडकटर’ गोळी अनेक जाणकार आजही पसंत करतात. ती उमलण्यावर अवलंबूनच नसते, धक्का सौम्य असतो आणि ती पुरेशी खोल जाते.

हे सगळे झाल्यावर जी गोष्ट मी सर्वांत वर ठेवतो, ती लेखात एका ओळीत उरकली आहे. काडतूस त्या पिस्तुलात न अडकता चालले पाहिजे. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका बाईंनी तक्त्यांवरून सर्वाधिक ऊर्जेची +P, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची, काडतुसे निवडली होती आणि ती एका अतिशय हलक्या पिस्तुलात भरली होती. ९ मि.मी. च्या साध्या काडतुसाची कमाल दाबमर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असते, तर +P ची ३८,५०० असते. हा फरक हलक्या शस्त्रात मनगटाला चांगलाच जाणवतो. पहिल्या गोळीनंतर त्यांची पकड सुटली, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, पुरती मागे गेली नाही आणि रिकामी पुंगळी तिथेच अडकली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच झाले. पुढच्या वेळी त्यांनी साध्या दाबाची १२४ ग्रेनची काडतुसे वापरली, आणि त्याच हाताने, त्याच पिस्तुलातून, एकही अडथळा न येता त्यांच्या गोळ्या तळहाताएवढ्या वर्तुळात पडल्या. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर आलेला विश्वास मी विसरू शकत नाही. त्यांच्यासाठी योग्य काडतूस तेच होते, तक्त्यात ते खालच्या क्रमांकावर असले तरी.

पिस्तुलाची बांधणी +P साठी आहे की नाही, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि ते पाहिल्यावाचून असे काडतूस भरू नये. ९ मि.मी. मध्ये +P+ अशी खूण असलेल्या काडतुसांना तर कोणतीही प्रमाणित दाबमर्यादाच नाही. रुंद तोंडाच्या हॉलो पॉइंट गोळ्या काही पिस्तुलांत चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर अडखळतात आणि काहींत मुळीच अडखळत नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबता येत नाही. साध्या काडतुसांनी पिस्तूल सुरळीत चालते हे आधी पाहावे. मग निवडलेल्या काडतुसांपैकी निदान शंभरएक आपल्याच पिस्तुलातून, आपल्या प्रत्येक मॅगझिनमधून, दोन्ही हातांनी आणि एका हाताने झाडून पाहावीत. ही काडतुसे महाग असतात आणि पाच-दहा झाडून थांबण्याचा मोह होतो, हे मी जाणतो. तो मोह आवरावा. याच वेळी नेम कुठे लागतो हेही कळते, कारण जड गोळी बहुधा हलक्या गोळीपेक्षा वर लागते, आणि छोट्या पिस्तुलावरची नेम धरायची माशी-खाच हलवता येत नसेल तर निवड तिथेच ठरते. सरावासाठी त्याच वजनाची, जवळपास तेवढ्याच वेगाची साधी काडतुसे घ्यावीत, म्हणजे हाताला एकच धक्का ओळखीचा होतो. मंद उजेडातही एकदा झाडून पाहावे. काही काडतुसांची ज्वाळा क्षणभर समोरचे सगळे पुसून टाकते.

आणखी दोन धोके असे आहेत की ते अनुभवी माणसांच्याही लक्षात येत नाहीत. रोज पिस्तूल रिकामे करून तेच वरचे काडतूस पुन्हापुन्हा चेंबरमध्ये भरले, तर दर वेळी उतारावर आपटून गोळी पुंगळीत किंचित मागे सरकते. पुंगळीतली जागा कमी झाली की दाब धोकादायकरीत्या वाढतो. संशय आलेले काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभे करून पाहावे, जमल्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजावे, आणि आखूड झाले असेल तर ते कधीही झाडू नये. रिव्हॉल्व्हरमध्ये याच्या उलटे घडते. अतिशय हलक्या रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते आणि तिचे टोक बाहेर आले की सिलिंडर फिरतच नाही. हे माझ्या स्वतःच्या हातात, चौथ्या गोळीनंतर घडले आहे. ते काडतूस एका नामांकित कंपनीचे होते आणि तिच्या तक्त्यातले आकडे उत्कृष्ट होते. मैदानावर असल्यामुळे मला फक्त हात थांबवून शस्त्र खाली ठेवावे लागले. इतर कुठे असतो तर माझ्या हातात निरुपयोगी लोखंड उरले असते.

माझी आपणास विनंती आहे की पुढच्या रविवारी या तक्त्याची दुरुस्त आवृत्ती छापावी. तीत प्रत्येक काडतुसापुढे वेग कोणत्या लांबीच्या नळीतून मोजला आहे ते द्यावे, जिलेटिनमध्ये उघड्यावर आणि जाड कपड्यांतून गेल्यावर गोळीने गाठलेली खोली व तिची उमललेली रुंदी द्यावी, दाब साधा की +P हे लिहावे, आणि ऊर्जेनुसार लावलेले क्रमांक काढून टाकावेत. लेखकाची इच्छा असेल तर हे रकाने भरण्याच्या कामी मी आनंदाने मदत करीन.

कळावे,

आपला नम्र,
एक नेमबाजी प्रशिक्षक